मैफल संपते, शीळ उरते

शिकागोचा हिवाळा लांबलचक आणि बोचरा. मिशिगन सरोवरावरून येणारा वारा हाडं गोठवतो. त्यामुळे जून उजाडला की हे शहर जणू घराबाहेरच राहायला येतं. उन्हाळा सरेपर्यंत सरोवराकाठच्या बागांमध्ये कुठे ना कुठे गाणं चालूच असतं. जूनमध्ये ब्लूज महोत्सव, जुलैअखेरीस किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला लोलापलूझा, सप्टेंबरच्या तोंडावर जॅझ महोत्सव आणि या सगळ्यांच्या मधल्या आठवड्यांत मोकळ्या आकाशाखाली वाजणारा सिंफनी वाद्यवृंद. यांतले बरेच कार्यक्रम विनामूल्य असतात. हिरवळीवर चादर अंथरायची, डबा उघडायचा आणि ऐकत बसायचं. शिकागो परिसरातली मराठी कुटुंबंही अशा संध्याकाळी लेकराबाळांसह तिथे दिसतात.

लोलापलूझाचा थाट मात्र वेगळा. ग्रँट पार्कमध्ये चार दिवस चालणाऱ्या या महोत्सवाला तिकीट असतं आणि रोज लाखाच्या आसपास माणसं येतात. दुपारी बाराच्या सुमारास सुरू झालेलं संगीत रात्री दहाला थांबतं. मग ही सगळी गर्दी मिशिगन अव्हेन्यूवर येते. त्या वेळी नीट पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. संगीत थांबलेलं असतं, तरी जो तो ओरडून बोलत असतो, अगदी खांद्याला खांदा लावून चालणाऱ्या मित्राशीसुद्धा. कानांत कापूस कोंबल्यासारखं झालेलं असतं आणि आतून एक बारीक, न थांबणारी शीळ ऐकू येत असते. ‘दडे बसलेत यार’ असं म्हणून सगळे हसतात. उत्तम मैफलीची ती पावतीच, असंही काहींना वाटतं. सकाळी झोपून उठलं की बहुतेकांचे कान पूर्ववत झालेले असतात आणि विषय तिथेच संपतो.

गेल्या दोन दशकांतलं कानांवरचं संशोधन सांगतं, की विषय तिथे संपत नाही.

आवाज मोठा कसा झाला?

ग्रँट पार्कमध्ये विनामूल्य संगीताची प्रथा १९३५ साली सुरू झाली. महामंदीचे दिवस होते. वादकांच्या हाताला काम नव्हतं आणि लोकांच्या खिशात तिकिटाचे पैसे नव्हते. दोघांचीही सोय व्हावी म्हणून बागेत वाद्यवृंदाचे कार्यक्रम सुरू झाले. ते आजही दर उन्हाळ्यात होतात.

पुढे १९४३ साली मिसिसिपी राज्यातून मडी वॉटर्स नावाचा एक तरुण गायक शिकागोत आला. गावाकडे अंगणात, ओसरीवर वाजणारी त्याची साधी गिटार शिकागोच्या गजबजलेल्या बारमध्ये कुणाला ऐकूच जाईना. मग त्याने विजेवर चालणारी गिटार हाती घेतली. त्याच्यासारख्या अनेकांनी तेच केलं आणि त्यातून ‘शिकागो ब्लूज’ घडलं. रॉक संगीताची मुळं या ब्लूजमध्ये आहेत. मडी वॉटर्स १९८३ साली गेले आणि पुढच्याच वर्षी शिकागोने ब्लूज महोत्सव सुरू केला.

गर्दीत ऐकू यावं म्हणून आवाज वाढवायचा, ही साधी गरज होती. पुढे मोठा आवाज हीच मिरवण्याची गोष्ट झाली. १९७६ साली लंडनमध्ये ‘द हू’ या बँडच्या कार्यक्रमात स्पीकरपासून ३२ मीटरवर १२६ डेसिबल इतका आवाज मोजला गेला आणि त्याची नोंद गिनीजच्या विक्रमांमध्ये झाली. नंतर गिनीजने हा विक्रम नोंदवणंच बंद केलं, कारण अशा स्पर्धेने लोकांचे कान बिघडतील, हे त्यांच्याही लक्षात आलं. त्याच बँडचे गिटारवादक पीट टाउनशेंड पुढे आपल्या अधू झालेल्या श्रवणाबद्दल आणि कानातल्या कायमच्या आवाजाबद्दल उघडपणे बोलू लागले. ‘कोल्डप्ले’चे ख्रिस मार्टिन यांनीही हाच त्रास आपल्याला आहे, हे लपवलेलं नाही. जानेवारी २०२५मध्ये नवी मुंबईत त्यांना ऐकायला आपल्याकडचे हजारो तरुण गेले होते.

लोलापलूझा १९९१ साली फिरता महोत्सव म्हणून सुरू झाला, २००५ साली ग्रँट पार्कमध्ये स्थिरावला आणि जानेवारी २०२३मध्ये मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवरही आला. त्यामुळे शिकागोतल्या कानांचा प्रश्न आता आपल्याही घरातला आहे.

कानाच्या आत काय घडतं?

कानाच्या सर्वांत आतल्या भागात गोगलगाईच्या शंखासारखा एक वेटोळा अवयव असतो. त्याला कॉक्लिया म्हणतात. आकार वाटाण्याएवढा. त्यात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म पेशी ओळीने मांडलेल्या असतात. प्रत्येकीच्या टोकाला केसांसारखे तंतू असतात, म्हणून त्यांना केसपेशी म्हणतात. आवाजाच्या लहरी आत पोहोचल्या की हे तंतू वाऱ्यावर डोलणाऱ्या गवतासारखे हलतात. त्या हालचालीचं रूपांतर विद्युत संदेशात होतं आणि मज्जातंतू तो मेंदूपर्यंत नेतात. आपण ऐकतो ते असं.

आवाज फार मोठा असेल तर हे गवत तुडवल्यासारखं होतं. तंतू वाकतात, पेशी थकतात, त्यांना जोडलेल्या मज्जातंतूंची टोकं सुजतात. मैफलीनंतर कान बधिर वाटतात ते यामुळे. बाहेरून येणारे संदेश कमी झाले की मेंदू आतला आवाज वाढवतो आणि तीच शीळ म्हणून ऐकू येते, असं मानलं जातं. वैद्यकीय भाषेत तिला टिनिटस किंवा कर्णनाद म्हणतात.

विश्रांती मिळाली की यातल्या बऱ्याच पेशी सावरतात. तुडवलेलं गवत पुन्हा उभं राहतं. पण सगळंच उभं राहतं असं नाही. मेलेली केसपेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाही. पक्ष्यांच्या कानात मात्र ती पुन्हा तयार होते, हे शास्त्रज्ञांना १९८०च्या दशकात आढळलं. म्हणजे ग्रँट पार्कच्या झाडावर बसून तोच आवाज ऐकणाऱ्या चिमणीला जी सोय आहे, ती खाली नाचणाऱ्या माणसाला नाही. पक्ष्यांची ही युक्ती माणसात आणता येईल का, यावर प्रयोगशाळांमध्ये काम चालू आहे. पण आज तरी गेलेली केसपेशी परत आणणारं औषध कोणत्याही दुकानात मिळत नाही.

२००९ साली अमेरिकेतल्या शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या शास्त्रज्ञांनी उंदरांवर केलेल्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली. उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. त्यांची श्रवणक्षमता तात्पुरती कमी झाली आणि काही दिवसांत पूर्ववत आली. तपासणीत कान ‘नॉर्मल’. पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा कॉक्लियाच्या काही भागांत केसपेशी आणि मज्जातंतू यांना जोडणारे सांधे जवळपास निम्मे तुटलेले होते. केसपेशी जिवंत, पण तारा तुटलेल्या. माणसांमध्ये हे नेमकं किती प्रमाणात घडतं याबद्दल शास्त्रज्ञांमध्ये अजून एकमत नाही. तरीही ‘सकाळी सगळं ठीक’ या समजुतीवर निर्धास्त राहू नये, एवढा धडा त्यातून मिळतो.

मोठ्या आवाजाने होणारं नुकसान साधारणपणे ४००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच स्वरांपासून सुरू होतं. स, श, फ, ख यांसारख्या व्यंजनांची ओळख याच उंच पट्टीतल्या ध्वनींवरून होते. म्हणून सुरुवातीला माणसाला ‘ऐकू येत नाही’ असं वाटतच नाही. ऐकू तर येतं, पण समोरचा ‘साठ’ म्हणाला की ‘आठ’, हे कळत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये, हॉटेलात, रेल्वे स्थानकावर लोक पुटपुटल्यासारखे वाटू लागतात. टीव्हीचा आवाज वाढतो. घरातली माणसं ‘तुझं लक्षच नसतं’ म्हणून चिडतात. ज्या माणसाला संगीताची आवड म्हणून तो स्पीकरपुढे उभा राहिला, त्यालाच झांजेची किणकिण आणि व्हायोलिनचे वरचे स्वर आधी सोडून जातात.

आवाजाचीही मात्रा असते

औषधाच्या बाटलीवर मात्रा लिहिलेली असते. दोन चमचे दिवसातून तीनदा, याचा अर्थ आपण जाणतो. आवाजाचंही तसंच आहे. आवाज किती मोठा आणि तो किती वेळ ऐकला, या दोहोंवर कानाला पोहोचणारी मात्रा ठरते.

अमेरिकेतली ‘नायॉश’ ही व्यावसायिक आरोग्य क्षेत्रातली सरकारी संस्था कारखान्यातल्या कामगारांसाठी ८५ डेसिबल ही दिवसाला आठ तासांची मर्यादा सांगते. आवाज तीन डेसिबलने वाढला की त्यातली ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्म्यावर येते. म्हणजे ८८ डेसिबलला चार तास, ९१ला दोन तास, ९४ला एक तास, ९७ला अर्धा तास आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. रॉक किंवा इलेक्ट्रॉनिक संगीताच्या मोठ्या कार्यक्रमात मंचाजवळ १०० डेसिबल ही अगदी सर्वसाधारण पातळी असते.

यातली मेख अशी, की कान स्वतः हे मोजू शकत नाही. ९० डेसिबलचा आवाज १०० डेसिबल झाला तर आपल्याला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. प्रत्यक्षात त्यातली ऊर्जा दहापट झालेली असते. शिवाय पहिल्या दोन-तीन गाण्यांनंतर कान थोडे बधिर होतात आणि तोच आवाज सुसह्य वाटू लागतो. ‘आता सवय झाली’ असं आपण म्हणतो, तेव्हा बहुधा इजेला सुरुवात झालेली असते.

ही मर्यादा वर्षानुवर्षं रोज काम करणाऱ्या माणसासाठी आहे, हे लक्षात घ्यायला हवं. वर्षातून एखादी मैफल मोठ्या आवाजात ऐकली म्हणून कोणी लगेच बहिरं होत नाही. पण मात्रा साठत जाते. चार दिवसांचा महोत्सव, त्यातून घरी येताना लोकलमध्ये कानात इअरफोन, शनिवारी क्लब, आणि आपल्याकडे वर त्यात मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंती. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात १२ ते ३५ वर्षं वयोगटातल्या शंभर कोटींहून अधिक लोकांना अशा असुरक्षित ऐकण्यामुळे श्रवणदोषाचा धोका आहे.

ॲमस्टरडॅममधला एक साधा प्रयोग

इअरप्लग घातले तर खरोखर फरक पडतो का? सप्टेंबर २०१५मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी याचं उत्तर प्रयोगशाळेत न शोधता थेट महोत्सवात शोधलं. ॲमस्टरडॅममध्ये उघड्यावर होणाऱ्या एका संगीत महोत्सवात त्यांनी ५१ जणांना नेलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत विभागणी केली. एका गटाला इअरप्लग दिले, दुसऱ्याला नाही. साडेचार तास सगळ्यांनी संगीत ऐकलं. आवाजाची सरासरी पातळी १०० डेसिबलच्या आसपास होती. वरचा हिशेब लावला तर पंधरा मिनिटांच्या जागी साडेचार तास, म्हणजे एका संध्याकाळी अठरा दिवसांची मात्रा.

कार्यक्रमाआधी आणि नंतर सगळ्यांचे कान तपासले. इअरप्लग न घातलेल्या गटात ४२ टक्के कानांची श्रवणक्षमता तात्पुरती घटलेली आढळली. इअरप्लग घातलेल्या गटात हे प्रमाण ८ टक्के होतं. कानात शीळ वाजू लागल्याची तक्रार पहिल्या गटात ४० टक्के लोकांनी केली, दुसऱ्या गटात १२ टक्क्यांनी. प्रयोग लहान होता, पण फरक मोठा होता. आणि तो घडवणारी वस्तू होती बोटाच्या पेराएवढी.

वाद्यवृंदातले कान

‘हे सगळं रॉकवाल्यांचं, आम्ही शास्त्रीय संगीत ऐकतो’ असं म्हणून सुटका होत नाही. ग्रँट पार्कच्या पश्चिमेला, मिशिगन अव्हेन्यूवरच शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राचं सभागृह आहे. या वाद्यवृंदातल्या वादकांच्या कानांचा एक अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. तालमीच्या आणि कार्यक्रमांच्या वेळी वादकांच्या अंगावर आवाज मोजणारी छोटी यंत्रं लावली होती. सरासरी पातळी ७९ ते ९९ डेसिबलच्या दरम्यान निघाली. तपासलेल्या वादकांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक जणांच्या श्रवण-आलेखात मोठ्या आवाजाने होणाऱ्या इजेची विशिष्ट खाच दिसली. व्हायोलिन आणि व्हायोला वाजवणाऱ्यांचा डावा कान उजव्यापेक्षा अधिक बाधित होता. ही वाद्यं डाव्या खांद्यावर, डाव्या कानाच्या अगदी जवळ धरली जातात, याची इथे आठवण व्हावी. तिथे स्पीकर नव्हते, ॲम्प्लिफायर नव्हते. कानाला संगीताचा प्रकार कळत नाही, फक्त मात्रा कळते.

या अभ्यासाच्या लेखकांपैकी एक होते मीड किलियन. शिकागोच्या एल्क ग्रोव्ह व्हिलेज या उपनगरात त्यांनी १९८३ साली एटिमॉटिक रिसर्च ही कंपनी सुरू केली होती. संगीतकार इअरप्लग का वापरत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. फोमचे साधे बोळे उंच स्वर जास्त अडवतात आणि खालचे स्वर कमी. त्यामुळे संगीत शेजारच्या खोलीत वाजतंय असं वाटतं. एटिमॉटिकने १९८८ साली असे इअरप्लग आणले, की ज्यांच्यामुळे सगळ्या पट्ट्यांतले स्वर जवळपास सारखेच, म्हणजे सुमारे १५ डेसिबलने कमी होतात. सुरांचा रंग तोच राहतो, फक्त आवाज खाली येतो. वरचा हिशेब पुन्हा मांडला तर १०० डेसिबलचे ८५ होतात आणि पंधरा मिनिटांची मुदत आठ तासांवर जाते. आज या धर्तीचे इअरप्लग अनेक कंपन्या बनवतात आणि भारतातही ते ऑनलाइन मिळतात.

आवाज वाटून देणारी जाळी

कानात काही घालणं हा एक उपाय झाला. दुसरा उपाय आयोजकांच्या हाती आहे आणि तोही शिकागोतच डोळ्यांसमोर उभा आहे.

मैदानातल्या मोठ्या कार्यक्रमाचा मूळ पेच असा, की शेवटच्या रांगेला ऐकू जावं म्हणून आवाज वाढवला की त्याचा सगळा मार पहिल्या रांगेला बसतो. साध्या स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. आजकाल मंचाच्या दोन्ही बाजूंना केळीच्या घडासारखी वाकलेली स्पीकरची लांब माळ टांगलेली दिसते. तिच्या जवळच्या टप्प्यात अंतर दुप्पट केलं तरी आवाज तीनच डेसिबलने उतरतो. त्यामुळे मागच्यांना चांगलं ऐकू येतं. पण ‘आपण तर बरेच मागे उभे आहोत’ हा दिलासा मात्र फसवा ठरू शकतो.

ग्रँट पार्कच्या वायव्य कोपऱ्यात, मिलेनियम पार्कमध्ये, २००४ साली जे प्रिट्झकर पॅव्हिलियन हा खुला रंगमंच उभा राहिला. वास्तुरचनाकार फ्रँक गेरी यांचा. मंचासमोर सुमारे चार हजार खुर्च्या आणि त्यामागे सात हजार लोक बसतील एवढी हिरवळ आहे. या संपूर्ण हिरवळीवर पोलादी नळ्यांची कमानदार जाळी आहे. पाहणाऱ्याला ती शोभेची वाटते, पण तिचं खरं काम स्पीकर टांगणं हे आहे. मंचाजवळ एकच प्रचंड आवाज करण्याऐवजी सगळ्या मैदानावर लहान-लहान आवाज वाटून दिलेला आहे. शिवाय मंचावरून हवेतून येणाऱ्या आवाजाशी मेळ बसावा म्हणून मागच्या स्पीकरमधला आवाज सेकंदाच्या काही अंशाने उशिरा सोडला जातो. त्यामुळे गाणं डोक्यावरून न येता मंचाकडूनच येतंय असं वाटतं. शेवटच्या माणसाला ऐकू जातं आणि पहिल्याच्या कानठळ्याही बसत नाहीत. हीच कल्पना तात्पुरत्या मैदानांवरही वापरता येते. मध्ये-मध्ये खांब उभारून तिथे स्पीकर लावायचे, एवढंच.

कायदा कुणाच्या कानांसाठी?

आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद, ही अट त्यातलीच. सांस्कृतिक किंवा धार्मिक प्रसंगी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. सार्वजनिक ठिकाणी ध्वनिवर्धक लावला तर त्या जागेच्या सीमेवर आवाज त्या परिसराच्या ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा दहा डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्यापलीकडे जाऊ नये, असंही नियम सांगतो.

हे नियम आवश्यकच आहेत. पण बारकाईने पाहिलं तर मोजमाप सीमेवरचं आहे. म्हणजे काळजी शेजारच्या इमारतीत झोपलेल्या माणसाची आहे. मैदानाच्या आत, स्पीकरसमोर उभ्या असलेल्या श्रोत्याच्या कानापाशी किती आवाज असावा, याचा आकडा त्यात नाही. अमेरिकेतही श्रोत्यांसाठी अशी देशव्यापी मर्यादा नाही. तिथल्या मिनिॲपोलिस शहराने मात्र २०१४ साली मद्यालयं आणि क्लबांमध्ये ग्राहकांना इअरप्लग विनामूल्य उपलब्ध करून देणं बंधनकारक केलं.

युरोपातले काही देश याबाबत पुढे गेले आहेत. फ्रान्समध्ये कोणत्याही पंधरा मिनिटांची सरासरी १०२ डेसिबलच्या वर जाता कामा नये आणि सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या कार्यक्रमात ९४च्या वर. जर्मनीचं मानक अर्ध्या तासाच्या सरासरीसाठी ९९ डेसिबलची मर्यादा घालतं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ साली कार्यक्रमांसाठी एक मानक जाहीर केलं. त्यात सहा गोष्टी आहेत. सरासरी पातळी १०० डेसिबलपर्यंत ठेवावी. आवाज सतत मोजत राहावा. ध्वनियंत्रणेची रचना विचारपूर्वक करावी. श्रोत्यांना इअरप्लग द्यावेत. थोडा वेळ बसता येईल अशी शांत जागा ठेवावी. आणि कर्मचारी व श्रोते यांना माहिती द्यावी. यात महागडं किंवा अशक्य असं काहीच नाही.

उष्णतेच्या बाबतीत शिकागोने असा बदल करून दाखवला आहे. जुलै १९९५मधल्या उष्णतेच्या लाटेत त्या शहरात सातशेहून अधिक माणसं दगावली. त्यानंतर उन्हाचा धोका सगळ्यांनीच गांभीर्याने घेतला. आज लोलापलूझाच्या मैदानात बाटली भरून घ्यायला मोफत पाण्याचे नळ असतात आणि कुणाला त्यात मजेवर विरजण पडल्यासारखं वाटत नाही. ऊन जाणवतं, तहान लागते, चक्कर येते; शरीर वेळेवर सांगतं. आवाजाची तहान लागत नाही. कान दुखू लागतो तो साधारण १२० डेसिबलच्या पुढे आणि इजा त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. म्हणून पाण्याच्या नळाशेजारी इअरप्लगची बरणी ठेवणं हे पाण्याइतकंच साधं मानायला हवं. आयोजकांनी ती ठेवावी आणि तिकीट काढणाऱ्यांनी ती मागावी.

जाताना काय करावं?

इअरप्लग खिशात ठेवा आणि पहिल्या गाण्याआधी घाला. फोमचे असतील तर बोटांनी वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर-मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. अर्धवट बाहेर लोंबत असेल तर त्याचा उपयोग फारसा होत नाही. साधे फोमचे बोळे चहा-वडापावच्या पैशांत मिळतात. कापसाचे बोळे किंवा कागदी रुमालाचे तुकडे मात्र कामाचे नाहीत.

स्पीकरच्या थेट समोर उभे राहू नका. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागत असेल, तर आवाज ८५ डेसिबलच्या पुढे आहे असं समजा. मोबाइलवरची आवाज मोजणारी ॲप काटेकोर नसली तरी अंदाज देतात. दर तासाला दहा-पंधरा मिनिटं मंचापासून दूर जा. पाणी प्या, सावलीत बसा, कानांनाही सावली मिळू द्या. परतीच्या प्रवासात इअरफोन पिशवीतच राहू दे आणि दुसरा दिवस शक्यतो शांत जाऊ दे.

लहान मुलांच्या कानाची नळी अरुंद असते, त्यामुळे मोठ्यांचे इअरप्लग त्यांना नीट बसत नाहीत. त्यांच्यासाठी संपूर्ण कान झाकणारे इअरमफ मिळतात. लोलापलूझात मुलांसाठी ‘किड्झापलूझा’ नावाचा वेगळा विभाग असतो. अशा ठिकाणी रंगीबेरंगी इअरमफ लावून आई-बाबांच्या खांद्यावर बसलेली मुलं सर्रास दिसतात. तान्ह्या बाळाला मात्र स्पीकरच्या जवळ नेऊच नये.

कानातली शीळ किंवा बधिरपणा एक-दोन दिवसांत गेला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा आणि ऑडिओग्राम करून घ्या. एका कानाने अचानक ऐकू येणं बंद झालं किंवा खूप कमी झालं, तर एक दिवसही थांबू नका. अशा वेळी उपचार जितक्या लवकर सुरू होतात, तितकी कान सावरण्याची शक्यता वाढते. ‘मळ असेल, तेल टाकून पाहू’ म्हणत घालवलेला आठवडा महागात पडतो.

मडी वॉटर्सने विजेची गिटार हाती घेतली ती लोकांना ऐकू जावं म्हणून. पुढच्या उन्हाळ्यात ग्रँट पार्कमध्ये असा किंवा येत्या जानेवारीत महालक्ष्मीच्या मैदानावर, खिशात ते दोन बोळे ठेवा. पंचविशीत ऐकलेलं आवडतं गाणं पंचाहत्तरीत नातवंडांना ऐकवताना त्यातला प्रत्येक सूर आपल्यालाही ऐकू यायला हवा.